काच खाणारा शेख

शेख मिस्बाहने पेल्याची कड दाताखाली धरून कुडुम केलं आणि आमच्या खलील गावातल्या अर्ध्या बाजाराचा श्वास अडकला. दुसऱ्या गावात लोक हसले असते. आमचं गाव काच फुंकणाऱ्यांचं, घरटी कुणाच्या ना कुणाच्या बोटांवर जुन्या जखमा. काच काय करते हे आम्हाला पक्कं ठाऊक, म्हणूनच आम्ही सगळ्यांत आधी फसलो.

त्यात माझी विदादआत्या पुढे. तिला मधुमेह. शेख रोज मंतरलेल्या काचेचा तुकडा तिच्या जिभेवर ठेवायचा, गोड लागते ती मंत्राची बरकत म्हणायचा, म्हणून तिने इन्सुलिनच सोडलं. रक्तातली साखर चारशेवर गेली, तर शेख म्हणतो, “रोग घाबरून बाहेर पळतोय, अम्मा.” मी धास्तावलो. समजवायला गेलो तर आत्या म्हणाली, “तू तुझी भट्टी सांभाळ.”

मग मी भट्टीच सांभाळली. शेखला खेळ करायला आमच्या काचकारखान्यात बोलावलं आणि त्याची सामानाची पेटी मांडायला भट्टीलगतची जागा दिली. त्याने एक पेला लोकांत फिरवला. तो खरा होता. खायचे पेले पेटीवर मांडून त्याने तोंडाचा पट्टा सुरू केला. सात वाळवंटं, सात गुरू, सात जिन्न. चौथ्या वाळवंटापर्यंत पेल्यांनी माना टाकल्या.

“शेखसाहेब, तुमचे पेले दमले की हो,” मी म्हटलं.

“जिन्न सलाम करतायत,” शेख म्हणाला.

“माझे का नाही करत?” शेजारी माझे दहा पेले ताठ उभे होते.

आत्या उठली. चाळीस वर्षं भट्टीसमोर काढलेली बाई ती. तिने वाकलेल्या कडेला बोट लावलं, तर चिकट तार निघाली. ती तिने चाटली.

“मेल्या, साखर आहे ही! चार वर्षं मी फिका चहा पितेय, आणि तू मला साखर चारतोस?”

तिने चप्पल काढली. उरलेली तीन वाळवंटं शेखने एका दमात पार केली.

साखर वितळवून झटकन थंड केली की तिचे कण ओळीत बसायच्या आतच अडकतात. म्हणजे तीही एक काचच. फक्त आमची काच मऊ व्हायला भट्टीच्या पोटात जावं लागतं, तिला भट्टीशेजारची ऊब पुरते. एवढंच त्या जिन्नांचं गुपित.

आत्याने त्याच संध्याकाळी इन्सुलिन टोचून घेतलं. चमत्कार दिसला तर खुशाल टाळ्या वाजवा. पण कुणी तुमचं औषध बंद करायला सांगितलं, तर आधी त्याची काच जरा उन्हात ठेवून बघा.