दाराबाहेरची बॅग

हँगर हँगरला लागत होतं. टक… मग थोडा वेळ काही नाही, आणि पुन्हा टक. उघड्या कपाटाच्या दांडीवर सगळी हँगरं जहाजाबरोबर सावकाश डुलत होती, आणि पलंगावर नुकती उठून बसलेली ती त्यांच्याकडे बघत होती. हँगरं सगळी रिकामी होती. उतरताना घालायचा निळा ड्रेस इथे होता, शेजारी नवऱ्याचा, नानांचा शर्ट, पँट… खाली बूट. बूटही नव्हते. मोरीतल्या फळीवर औषधांची पिशवी नव्हती, दात घासायचे ब्रश नव्हते, आणि खोलीच्या दाराबाहेर, जिथे काल संध्याकाळी बॅग ठेवलेली होती, तिथे नुसता लांबच लांब गालिचा.

नाना गोल खिडकीशी खुर्चीत बसले होते. पायजमा, बनियन, व्यवस्थित पाडलेला भांग, दोन्ही हात मांडीवर.

"झालं का तुझं?" ते म्हणाले. "चल, निघू या."

जहाजाची रीतच अशी होती. शेवटच्या संध्याकाळी बॅगेला रंगीत पट्टी बांधून ती दाराबाहेर ठेवायची. निजानीज झाली की माणसं येऊन सगळ्यांच्या बॅगा तळमजल्याला नेतात, आणि मग ती बॅग दिसते ती एकदम धक्क्यावर. जावयाने फोनवर हे पुन्हापुन्हा बजावलं होतं. जावई दोनदा जहाजाने जाऊन आलेला, त्यामुळे जहाजं त्यानेच पाण्यात सोडली असल्यासारखा बोलायचा: निघायच्या आदल्या दिवशीच बंदरावर पोचा, औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, खोलीच्या दारावर काहीतरी खूण चिकटवा, सगळी दारं सारखी दिसतात, किनाऱ्यावर उतरलात तरी घड्याळ जहाजाचंच ठेवा. "आणि शेवटच्या दिवशीचे कपडे बाहेर काढून ठेवा हं आई. सगळे नेमके तिथेच फसतात." तेव्हा ती मनात हसली होती. कपडे विसरायला आपण काय खुळे आहोत?

नानांची हयात पार्सल ऑफिसात गेली. या घरात बॅग भरणं हे त्यांचं काम. लग्नानंतर तिने स्वतः एक चेन ओढून बंद केल्याचं तिला आठवत नव्हतं. मागे राहिलेली वस्तू म्हणजे फलाटावर राहिलेला माल, असं ते म्हणत, आणि माल राहिला की नाव जातं. तेव्हा कपाट धुतल्यासारखं रिकामं करणं हा विसरभोळेपणा नसेलही… उलट जुनी शिस्तच असेल… ती हे स्वतःला सांगत होती आणि स्वतःलाच पटवता येत नव्हतं. कारण शिस्त असती तर ते असे बनियनवर तयार होऊन बसले नसते.

धक्क्यावर लेक येणार होती, हे आठवलं आणि तिचं धाबं दणाणलं.

निघायच्या दिवशी लेकीने तिला एका बाजूला घेऊन म्हटलं होतं, "परत आलात की शांतपणे बोलू, आई. मी एक जागा बघून ठेवलीय. नुसती बघून." तेवढंच. पण ती जागा तिला माहीत होती. रस्त्यावरून जाताना बसमधून दिसते – स्वच्छ, पुढे हिरवळ, बाकांवर म्हातारी माणसं, आणि म्हणे आतून न उघडणारी दारं. नानांना तिथे ठेवणार. नानांनी दार उघडायला हात लावला की ते उघडणार नाही, आणि ते शांतपणे तिथेच उभे राहतील, कोणीतरी येईपर्यंत… नाही. मी असेपर्यंत नाही.

म्हणून तर झाकली मूठ सव्वा लाखाची. वर्षभर तिने ती मूठ अशी आवळून धरली होती की बोटं दुखत होती. गॅस चालू राहिला, तेव्हा तिने सांगितलं, "मीच गं विसरले." नळ वाहून खालच्यांच्या छताला ओल आली, तेव्हाही "मीच." एका सकाळी लेकीच्या वाढदिवसाला नानांनी पुन्हापुन्हा फोन केला, दर वेळी तितक्याच आनंदाने, आणि तिने मागून ओरडून सांगितलं की मीच लावायला सांगितला. आणि इथे, मधल्या बंदरावर, नाना किनाऱ्यावरचं घड्याळ बघून बाकावर निवांत बसलेले, जहाजाचा भोंगा वाजतोय, खलाशी चढायची फळी उचलायच्या तयारीत, आणि ती या वयात पळतेय… जहाज कोणासाठी थांबत नाही. ते तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगायचंही नव्हतं.

खोली आवरणारी बाई आली, तेव्हा ती चादर गुंडाळून उभी होती. बाईने एकदा कपाटाकडे, एकदा नानांकडे बघितलं आणि ओठांवर आलेलं हसू आवरलं.

"बॅगेत सगळं गेलं ना?" बाई म्हणाली. "अहो, दर खेपेला एक तरी खोली असतेच. मागच्या वेळी एक न्यायाधीश टॉवेल गुंडाळून उतरले. थांबा, लोक विसरून गेलेले कपडे असतात आमच्याकडे."

दर खेपेला एक तरी! केवढा धीर आला तिला. म्हणजे धडधाकट माणसंही करतात. न्यायाधीश करतात. मग बाईने आणलेला कोणा धिप्पाड माणसाचा सदरा तिने नानांना घातला, त्याच्या बाह्या दुमडल्या. स्वतःच्या गाऊनवर तिने कोणाचा तरी लांब कोट चढवला. कोटाला परक्या अत्तराचा वास येत होता. पायांत दोघांच्याही खोलीतल्या पांढऱ्या सपाता.

मग मोठ्या दालनात थांबणं आलं. लाउडस्पीकरवरून रंग पुकारले जात – पिवळे निघा, हिरवे निघा – आणि त्या त्या रंगाचे लोक उठत. यांचा रंग तांबडा. नाना खिडकीतून क्रेन बघण्यात रमले होते, आणि ती त्यांच्या शेजारी बसून धडा घोकत होती. मीच भरली बॅग. एवढंच म्हटलं तर लेक धरील, कारण लेक हुशार; खोट्याला मीठमसाला लागतो. नाना आंघोळीला गेले होते. आत पाण्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, चला, एकदा आपण भरून बघू, थक्क होतील. आधी शर्ट, मग निळा ड्रेस, त्याची बाही आत दुमडली… हँगर काढताना एक खाली पडलं, पलंगाखाली गेलं, मी वाकून काढलं. हँगरचं तिला विशेष आवडलं. असलं कोण मुद्दाम रचेल? पुन्हा पहिल्यापासून. पाण्याचा आवाज, शर्ट, ड्रेस, हँगर. पुन्हा. लहानपणी पाढे म्हणायची तशी ती मान किंचित डोलवत होती, आणि समोरची एक बाई तिच्याकडे बघतेय हे लक्षात आल्यावर थांबली.

"तांबडे," लाउडस्पीकर म्हणाला.

लेक कठड्यापलीकडेच उभी होती. तिने आधी वडिलांचा सदरा पाहिला, मग आईचा कोट, मग दोघांच्या पायांतल्या त्या पांढऱ्या सपातांकडे बघत राहिली.

"आई… हे काय?"

"अगं, गंमतच झाली. काल बॅग मी भरली. हे आंघोळीला गेले होते, मी म्हटलं आपणच भरू…" धडा घडाघडा येत होता, शर्ट, ड्रेस, हँगरसुद्धा, आणि लेक हसत नव्हती म्हणून ती थांबू शकत नव्हती. "औषधांची पिशवीसुद्धा बघ, जागा वाचावी म्हणून बुटात कोंबली मी. ह्यांच्या डाव्या बुटात."

हे शेवटचं वाक्य तालमीत नव्हतं. आपोआप आलं.

"असू दे, असू दे," लेक म्हणाली. इतक्या मऊ आवाजात ती आईशी कधी बोलत नसे. मग तिने आईच्या डोक्यावरून वडिलांकडे पाहिलं.

नानांनी मान हलवली. "मी म्हटलं होतं तिला, दोन जोड बाहेर ठेव. हल्ली असंच होतं तिचं. तुला सांगतो ना मी फोनवर."

सांगतो ना. म्हणजे आजचं पहिलं नव्हे. गॅस सांगितला असेल, नळ सांगितला असेल, आणि खोटंही नाही बोलले ते. तिनेच तर कबूल केलं होतं, दर वेळी, मोठ्याने. ती जागा… ती हिरवळ, ते बाक… कोणासाठी बघून ठेवलीय, हे आता तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

बोल. अजून वेळ आहे. सांग, बॅग ह्यांनी भरली. तिने तोंड उघडलं, आणि बोलायच्या आधी एकदा कालची संध्याकाळ डोळ्यांपुढे आणायला गेली: नाना बॅगेवर वाकलेले, गुडघा टेकून चेन ओढताहेत… पण ते दिसेनात. पाण्याचा आवाज येत होता. निळ्या ड्रेसची बाही आत दुमडणारे हात दिसत होते, त्यांवर तिच्याच बांगड्या. पलंगाखालची धूळ दिसत होती. हे मी सकाळी रचलं. सकाळीच रचलं ना? मग त्याच्या खालचं खरं कुठे गेलं?

तांबड्या पट्टीची बॅग ओळीत सापडली होती. "बाबांची गोळी राहिलीय ना सकाळची," म्हणत लेक तिथेच उकिडवी बसली, चेन ओढली, कपडे बाजूला सारले. डावा बूट उचलून आत हात घातला आणि औषधांची पिशवी बाहेर काढली.

"बघ," लेक वर बघून, प्रेमाने, सावकाश म्हणाली. "बरोबर आठवलं की तुला."

नानांनी कौतुकाने तिच्या पाठीवर हात ठेवला. नेहमी तेच ठेवतात, बुटात, जागा वाचावी म्हणून… नेहमी ठेवतात का? ती त्या उघड्या बॅगेतल्या घड्यांकडे बघत होती, आणि त्या घड्या कोणाच्या हातच्या आहेत हे, एवढ्या वर्षांच्या संसारानंतर, तिला ओळखता येत नव्हतं. सकाळपासून ती नानांसाठी भीत होती. आता तिला तीच भीती परत हवी होती.