साडेसत्तावीस

डाव्या हाताला प्लास्टर होतं, म्हणून तिनं बिस्किटांचा पुडा दातांत धरला आणि उजव्या हातानं ओढून फाडला. निम्मी बिस्किटं बशीत पडली, उरलेली ओट्यावर. ओट्यावरची तिनं एकेक करून उचलली. चहा उकळत होता आणि बाहेरच्या खोलीतून नवऱ्याचा आणि नणंदेचा आवाज येत होता.

"टाचा भिंतीला टेकव. सरळ उभी राहा. आता मांड्यांमधलं पुस्तक वर दाब, सीटवर बसल्यासारखं."

"दादा, शिंप्याकडे आल्यासारखं वाटतंय."

"शिंप्याचं चुकलं तर उसवून परत शिवता येतं. सायकलची फ्रेम कुठून उसवणार? हलू नकोस."

टेपचं टोक जमिनीवर टेकल्याचा आणि मग तो सर्रकन परत गुंडाळला गेल्याचा आवाज आला. तिला हसू आलं. या माणसाला सायकलीतलं विचारलं की त्याची कळी खुलायची. रविवारच्या टेकडीवाल्या मंडळींत त्याला सगळे मास्तर म्हणायचे. कोणाला चाक बदलायचं असो, टायर घ्यायचे असोत, दुकानात जाण्याआधी फोन त्याला. नणंदेनं कालच कुठं सांगितलं होतं की तिलाही यायचंय टेकडीवर, तर आज हा टेप घेऊन तयार.

"घरात कॉलेजातली सव्वीस इंची चाकांची पडलीय," नणंद म्हणाली. "तिलाच नवे टायर घालून नाही का चालणार?"

"सव्वीसचं आता विसर. टायर मिळतात, पण चांगले शोधता शोधता चपला झिजतील. कंपन्यांनी ते मापच सोडून दिलंय. आता उरली दोन मापं, साडेसत्तावीस आणि एकोणतीस."

"मोठं ते चांगलं ना? सगळे एकोणतीसचंच कौतुक करतात."

"करू देत. त्या सगळ्यांची उंची बघ. मोठं चाक खड्ड्यांवरून सुरेख जातं, कबूल. पण तू पाच फूट एक इंच. हँडल छातीशी येईल, पुढचं चाक पायापाशी येईल. वळताना बुटाचं टोक चाकाला लागलं की संपलं. पडणार, पडताना हात पुढं करणार आणि मनगट मोडून घेणार. तुला साडेसत्तावीसच. त्यात दुसरा विचारच नाही."

तिनं गॅस बंद केला. चहा तोवर भांड्याच्या काठापर्यंत आला होता. तो खाली बसेपर्यंत ती बघत राहिली.

तिची सायकल एकोणतीसची होती. नवऱ्याच्या एका उंचापुऱ्या मित्रानं नवी घेतली तेव्हा जुनी त्याच्याकडे पडून होती. तिनं बरेच दिवस मागं लागून, मलाही येऊ दे ना तुमच्याबरोबर, असं म्हटलं, तेव्हा एका संध्याकाळी नवरा ती घेऊन आला. सीट अगदी खाली केलेली. टायर त्याच्या स्वतःच्या सायकलचे काढून हिला बसवलेले, नक्षी झिजून मधोमध गुळगुळीत झालेली. "सुरुवातीला हे चालतील तुला," तो म्हणाला होता. त्या सायकलवर चढताना घोड्यावर चढल्यासारखं वाटायचं आणि उतरताना पाय जमिनीला कधी लागेल याचा भरवसा नसायचा. पहिल्याच आठवड्यात तिनं त्याला सांगितलं होतं, वळताना माझा बूट पुढच्या चाकाला लागतो. टीव्हीवरची नजर न काढता तो म्हणाला होता, "पाय नीट ठेवायला शिक."

ती शिकली. पाच महिने शिकत राहिली. ती दर रविवारी सगळ्यांच्या शेवटी वर पोचायची आणि सगळे तिच्यासाठी थांबलेले असायचे. "आली का आमची मालगाडी," नवरा म्हणायचा आणि मंडळी हसायची. तीही हसायची. सॉरी, सॉरी म्हणत पाण्याची बाटली काढायची. आपल्या अंगातच ते नाही, असं ती हळूहळू धरून चालली होती. तीन आठवड्यांपूर्वी उतरणीवर पुढचं चाक वळलं, बूट अडकला आणि ती हातावर पडली, तेव्हासुद्धा वेदनेच्या आधी तिला लाज वाटली होती.

ती कवळ्या करणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. मेणात एकेक दात बसवायचा, घासायचा, परत बसवायचा. एकाची कवळी दुसऱ्याच्या तोंडात सरकवून, जरा चावायला शिका, असं तिथं कोणी म्हणालं असतं तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. साचा धरायचा हात डावा. प्लास्टर निघेपर्यंत तिला दातांच्या रंगांचे नमुने जुळवत बसायला सांगितलं होतं.

ट्रेमध्ये कप ठेवून, ट्रेची एक बाजू प्लास्टरवर पेलत ती बाहेर आली. नणंद धावली.

"वहिनी, हाक मारायची ना! दे इकडे."

जमिनीवर कागद पसरला होता. त्यावर त्यानं सायकलीचं चित्र काढून बाण दाखवले होते. पुढच्या चाकापाशी लिहिलं होतं, रुंद, खोल नक्षी. मागच्यापाशी, थोडं अरुंद चालेल, पळायला हलकं. हवा कमीच ठेवायची, असंही खाली लिहून त्याखाली रेघ मारली होती. अक्षर वळणदार होतं.

"दादा म्हणतोय मला साडेसत्तावीसच," नणंद कप घेत म्हणाली. मग ती थांबली. तिनं वहिनीकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, दुकानात कापड बघावं तसं. "अरे, पण आपण दोघी एकाच उंचीच्या ना? माझे सगळे ड्रेस तुला होतात. मग तुझी एकोणतीस कशी?"

नवऱ्यानं बिस्किट चहात बुडवलं आणि जरा जास्तच वेळ बुडवून ठेवलं. त्याचा तुकडा पडून तळाशी गेला.

"तिची गोष्ट वेगळी," तो म्हणाला. "ती सायकल मित्राची पडून होती ना."

"पण मनगट..." नणंद म्हणाली. तिनं कप खाली ठेवला. नंतर ती ऑफिसातलं काहीतरी सांगत राहिली, कोणी ऐकत नसताना सांगावं तसं. निघताना दारात तिनं वहिनीच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

कप त्यानंच धुतले. प्लास्टर बसल्यापासून भांडी तोच घासत होता, कुरकुर न करता. ती फ्रीजला टेकून उभी राहिली.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"बूट लागणार ते. मनगटाचं."

त्यानं नळ बारीक केला. "असं कोणी ठरवून करतं का? मनगट मोडावं असं मला वाटलं असेल?"

"तसं नाही म्हणत मी. माहीत होतं का, एवढंच विचारतेय."

तो एकच कप पुन्हा पुन्हा विसळत होता. भांडायचं असतं तर त्याचा आवाज चढला असता. तो चढला नाही, आणि तिला त्याचीच भीती वाटली.

"हे बघ," तो शेवटी म्हणाला, "मला वाटलं, दोन-चार रविवार येशील. दम लागेल, कंटाळशील, सोडून देशील. एवढ्यासाठी नवी सायकल कशाला, म्हणून ती आणली. तू पाच महिने येशील असं कोणाला वाटलं होतं?"

"आणि पाच महिने आले तेव्हा?"

त्यानं कप पालथा घातला, हात पुसले, टॉवेल दांडीवर नीट पसरवला. त्याच्या मानेकडे बघताना तिच्या लक्षात आलं की या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे आहे, आणि ते तिलाही आता कळलंय. आठवड्यातून एक सकाळ त्याला तिच्याशिवाय हवी होती. तोंडानं नाही म्हणायचं धाडस नव्हतं. ते काम त्यानं चाकावर सोपवलं होतं.

"सांगायचंस ना," ती म्हणाली. "नको येऊस म्हणायचंस. मला राग आला असता, दोन दिवस धुसफुसले असते. बाकी काय झालं असतं?"

"तुझं आपलं काहीतरीच," तो म्हणाला आणि टीव्ही लावायला गेला.

दुसऱ्या दिवसापासून तो तिच्या सायकलीच्या मागं लागला. माफी वगैरे त्याच्या तोंडून आली नाही, खोकी मात्र येत राहिली. साडेसत्तावीसची फ्रेम आली, चाकं आली. तिला भिंतीला उभी करून त्यानं टेप लावला, पुस्तक धरायला दिलं. ती उभी राहिली. टायरसाठी त्यानं चार दुकानं पालथी घातली. पुढचा एका ठिकाणी मिळाला, मागचा भलत्याच ठिकाणी. बाल्कनीत बसून तो रोज संध्याकाळी काहीतरी घट्ट करी, सैल करी, चाक फिरवून कान लावून ऐके. हँडलवर तिचा पंजा ठेवून ब्रेकचं अंतर त्यानं तिच्या बोटांप्रमाणे जुळवलं. एवढा जीव ओतून काम करताना त्याला बघणं तिला पूर्वी फार आवडायचं.

प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी परवानगी दिली. मग एका रविवारी ती, नवरा आणि नणंद बाकीच्यांबरोबर टेकडीच्या पायथ्याशी उभे होते.

चढ सुरू झाला आणि पहिल्या दहा-वीस पेडलांतच तिला कळलं. दोन्ही पाय सारखे पडत होते. वळणावर गुडघा पोटाशी येत नव्हता, बूट कशाला लागत नव्हता. सुट्या खडीत पुढचा टायर जमिनीला पकडून राहिला. ती एकाच्या पुढं गेली, मग दुसऱ्याच्या. दम लागला, पण इतरांना लागतो तेवढाच. आपण आनंदात ओरडू असं तिला वाटलं होतं. त्याऐवजी ती नुसती पुढं बघत पेडल मारत राहिली. किती सोपं होतं हे. सायकल जितकी हलकी चालत होती तितके ते पाच महिने जड होत चालले होते. प्रत्येक सॉरी आठवत होतं. तिनं ते सगळं मनापासून म्हटलं होतं.

माथ्यावर ती तिसरी पोचली. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. नवरा मागाहून आला, धापा टाकत, चेहरा फुललेला.

"बघ! मी म्हणत नव्हतो, जमेल तुला?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो मनापासून बोलत होता. असं आपण म्हणालो होतो, अशी त्याची खात्रीच झाली होती.

"मास्तर, काय सायकल बांधलीत वहिनींसाठी!" कोणीतरी म्हणालं.

"अहो, उंची बघायची आधी," तो सुरू झाला. "लोक काय करतात, मोठं चाक दिसलं की..." आणि सगळे त्याच्याभोवती जमले. त्यानं खाली बसून टायरची नक्षी बोटानं दाखवली. नणंद जरा दूर उभी होती. तिनं मान दुसरीकडे वळवली.

माथ्याच्या पलीकडे दुसरी एक वाट उतरत होती. खडकांची, उड्या घेत जाणारी. मंडळींतले तिघे-चौघेच तिकडून जायचे आणि तासाभरानं पलीकडच्या रस्त्याला लागायचे. नवरा कधी गेला नव्हता. त्याच्या गुडघ्याला तसले हादरे चालत नसत, डॉक्टरांनी बजावलं होतं.

तिनं हेल्मेटचा पट्टा आवळला. "खालच्या वाटेनं कोण कोण जातंय? मी येतेय."

नवरा टायरपाशी बसला होता तो वर बघू लागला.

"आजच कशाला? पहिल्याच दिवशी?"

"सायकल चांगली आहे. तूच म्हणालास."

"तसं नाही, पण..." तो उठला, आणि उठताना त्याचा हात आपोआप गुडघ्यावर गेला. आवाज खाली आणून, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं तो म्हणाला, "मला नाही येता येणार तिकडून. तुला माहीत आहे ना?"

"हो," ती म्हणाली. "मला माहीत आहे."

ती सायकल वळवून वाटेच्या तोंडाशी गेली. पुढचे दोघे उतरले, त्यांची धूळ खाली बसेपर्यंत ती थांबली आणि मग तिनं ब्रेक सोडले.