दोन नंबरच्या टेबलाचं कॅलेंडर

लिफ्ट-तपासणीच्या त्या कार्यालयात मेलचं खातं माणसाच्या नावाचं नसे, टेबलाचं असे. माणूस बदलला की खुर्ची, टाचण्यांची डबी आणि खणात चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी पुढच्याच्या हाती जाई. पासवर्ड बदलायचा असतो हे कुणाच्या गावीही नव्हतं. दोन नंबरचं टेबल अडीच महिन्यांपूर्वी तिच्याकडे आलं, कारण त्यावर बावीस वर्षं बसलेले दादा एका दुपारी झोपले ते उठलेच नाहीत.

कार्यालयानं तिला नवा फोन दिला. मेल आलं, कॅलेंडरही उतरलं; पण तिनं दहाची टाकलेली तपासणी बघता बघता नऊची होऊन बसे. इमारतीच्या रखवालदाराला तसा निरोपही आपोआप जाई. ही बापडी डायरीत लिहिल्याप्रमाणे दहाला पोचे, तोवर रखवालदार तासभर ताटकळून, यंत्रखोलीला कुलूप घालून गेलेला. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा झालं तर घरी बसा, असं साहेबांनी अगदी गोड आवाजात सांगितलं होतं. घरात दोन लेकरं, आणि कमावणारी ती एकटी.

जेवणाच्या सुट्टीनंतर संगणक विभागाचा तंत्रज्ञ आला. त्यानं खातं काढून पुन्हा जोडलं, फोनचं घड्याळ तपासलं, फोन दोनदा बंद करून चालू केला. तरी उद्याची तपासणी दोघांच्या डोळ्यांदेखत दहावरून नऊवर सरकली.

"ताई, फोनची दृष्ट काढा," असं म्हणून तो हसला. मग खात्याला जोडलेल्या फोनांची यादी उघडली आणि त्याचं हसू मावळलं. यादीत दोन फोन होते. एक तिचा. दुसरा जुना, शेवटचा वापर एक मिनिटापूर्वी.

तो दादांचा होता. तिनं टेबलावरच्या फोनवरून त्यांच्या पत्नीला, वहिनींना, गाठलं. वहिनी नेहमीच्या संथ आवाजात सांगत राहिल्या. तो फोन ह्यांच्या उशीशीच असतो, रोज चार्ज करते, विझला की घर खायला उठतं. हात मात्र कधी लावत नाही, आणि घरात दुसरं आहे कोण? दिवसातून एक-दोनदा पडदा पेटतो, अक्षरं सरकतात, पुन्हा विझतो. हे तासभर आधी पोचून लिफ्टचे दोर स्वतः चाचपायचे, दहाची वेळ त्यांना कधी मानवलीच नाही.

"मला वाटलं, सगळ्यांचेच फोन असं करत असतील," वहिनी म्हणाल्या.

तंत्रज्ञाचं बोट जुना फोन काढून टाकायच्या बटणावर गेलं होतं. तिनं खुणेनंच त्याला थांबवलं. मग वहिनींना सगळं सांगितलं, साहेबांची ताकीदही.

मग वहिनी म्हणाल्या, "काढ बाई. तुझी लेकरं लहान आहेत. फक्त मला दोन शब्द बोलू दे."

पावलं वाजली. दार करकरलं. आणि रिसीव्हरमधून, लांबून पण स्वच्छ, ऐकू आलं, "अहो, टेबल आता तिचं आहे. तिला करू द्या ना."

यादीतला दुसरा फोन नाहीसा झाला.

"तुम्ही काही दाबलंत?" तंत्रज्ञानं विचारलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. त्यानं आपला हात खिशात घातला आणि तिथेच ठेवला.

"विझला गं," वहिनी म्हणाल्या. "चार्जरला लावलेला आहे, तरी विझला."

कॅलेंडर हलायला लागलं. उद्याची तपासणी दहावर आली. मग परवाची. महिन्याभरातल्या सगळ्या, सावकाश, कुणीतरी चष्मा सावरत एकेक बदलावी तशा. शुक्रवारची तेवढी नऊवरच राहिली. इस्पितळातली लिफ्ट होती ती.

"ही मी हातानं दहाची करून देतो," तंत्रज्ञ पुटपुटला.

"नको," ती म्हणाली. डायरी उघडून तिनं शुक्रवारचे दहा खोडले आणि नऊ लिहिले.