देव्हाऱ्यातली राखदाणी

पोरायनो, मी एक जुनी पितळी राखदाणी हाय. हासू नका, आधी आयका. कोनी काडी ओढली, फस्सकन आवाज झाला, का मले आजबी कापरं भरते.

अकोल्याच्या जुन्या शहरात नत्थुजीच्या हाटेलात माहा जलम गेला. एका दिवसात माह्यात इतकी राख पडे, का तिच्या ढिगावर चढलं तं चिखलदरा दिसला असता! गिऱ्हाइकं म्हनत, "वा नत्थुजी, राखदाणी हाय का परात!" मी फुगून जावो.

पन चुलीपाशी नत्थुजीची बायको माणिकबाई खोकत राहे. डाक्टरानं तिले इचारलं, "बाई, रोज किती बिड्या ओढता?" तिनं तं जलमात बिडी तोंडाले लावली नवती! तवापासून मले भेव लागलं. थोटूक माह्या पोटात राहे, धूर तिच्या छातीत जाये. एखाद्या दिवशी खोकल्यासंगं बाईबी थांबली तं?

दारात सरकारी पाटी होती, 'धूम्रपान निषिद्ध'. नत्थुजीनं तिच्यावर कॅलेंडर टांगलं होतं. म्हने, "दारी आलेल्या मानसाले नाही कसं म्हनू?"

एका दुपारी तपासनीस साहेब आले. त्यायनं मले उचललं. "हाटेलात राखदाणी ठेवाले बंदी हाय, ठाऊक नाही?"

मले वाटलं, आता भंगार, मंग भट्टी!

नत्थुजी चाचरला, "साहेब, हे... हे धूपदाणी हाय. देवाची."

"मंग टेबलावर काहून?"

माणिकबाई पदराले हात पुसत आली. मले घासलं, हळदकुंकू लावलं आन देव्हाऱ्यात गनपतीम्होरं ठेवलं. साहेबायनं हात जोडले. पन कॅलेंडर काढून, पाटी झाकल्याचा दंड लावूनच गेले.

ते वळले तसा नत्थुजीचा हात माह्याकडं आला. साहेब जाताच एका गिऱ्हाइकानं बिडी पेटवली होती.

"खबरदार!" माणिकबाई कडाडली. "देवाच्या भांड्यात बिडी इझवता?"

"अवं, ते तं साहेबाले..."

"साहेबाले खोटं बोलले, का देवाले?"

नत्थुजीनं हात आखडला. गिऱ्हाइकाले म्हने, "भाऊ, बाहेर जा गड्या."

आता माह्यात धूपबी नसते. माणिकबाई म्हनते, "धूर देवाचाबी असो, मले नको." झेंडूची फुलं ठेवते. तिचा खोकला कमी झाला, गेला नाही. ती खोकलली का मी जीव मुठीत धरून आयकते, पुढचा श्वास येते का.

म्हनून सांगते पोरायनो, हाटेलात कोनी काडी काढली तं पाटीकडं बोट दाखवा. पाटी दिसली नाही, तं कॅलेंडर उचलून पाहा.