परदेशात राहिलेली घोंगडी

मी एक जुनी काळी घोंगडी आहे, मित्रांनो, आणि माझ्याइतकी गोंधळलेली घोंगडी तुम्हाला दुसरी सापडायची नाही. काही महिने मी परदेशातही होते आणि त्याच वेळी इंदापुरात एका पत्र्याच्या ट्रंकेतही होते. ऐकून चक्रावलात ना? मग सुरुवातीपासूनच सांगते.

इंदापूरजवळच्या डाळज गावच्या गेणूआबांकडे पूर्वी मेंढरांचा मोठा कळप होता. आबा आणि त्यांची बायको सारजाबाई वर्षातले बरेच महिने मेंढरांमागे रानोमाळ फिरायचे. पुढे माळावर ऊस आला, चराई संपली आणि कळप विकावा लागला. विकण्याआधी शेवटची कातरणी झाली. त्या लोकरीचं सूत सारजाबाईंनी स्वतः कातलं. बारामतीच्या एका विणकराने चिंचोक्याची खळ लावून ते ताठ केलं, मागावर चढवलं आणि मी जन्माला आले. मी इतकी खरखरीत होते की नात छकुली मला हात लावून लांब पळायची. पण वारा काही माझ्यातून आत शिरत नसे, आणि त्याचा मला चांगलाच तोरा होता.

सारजाबाई मला वापरत नसत. आबांच्या खांद्यावर त्यांची जुनी घोंगडी असे. मला मात्र त्या अधूनमधून उन्हात घालायच्या, काठीने झटकायच्या आणि कडुलिंबाच्या पाल्यात घडी करून ठेवायच्या. असे लाड चालले असताना कुणाला वाटेल आपण कुठे प्रवासाला जाऊ?

साल शहाण्णव असावं. इंदापूरच्या एका ख्रिस्ती दवाखान्यातल्या नर्स जयवंताबाई दर आठवड्याला डाळजला येत. सारजाबाईंच्या सुनेचं अवघड बाळंतपण त्यांनीच निभावलं होतं. बारामतीच्या चर्चच्या मंडळींनी एका डोंगराळ देशात सेवेसाठी चारपाच जण पाठवायचे ठरवले, त्यात जयवंताबाईंचं नाव आलं. महिना-दीड महिना औषधपाणी करायचं, प्रार्थना घ्यायच्या आणि परत यायचं.

"तितं लई थंडी असती म्हनं," जयवंताबाई म्हणाल्या.

सारजाबाई आत गेल्या आणि मला घेऊन आल्या. माझ्या एका कोपऱ्याला त्यांनी चिमूटभर भंडारा लावला आणि मग एकदम थबकल्या. "तुमच्या देवाला चालंल न्हवं गं?"

"न चालायला काय झालं, मावशी?"

"मग ही तितल्या एखाद्या म्हातारीला दे. माझ्या मेंढरांची शेवटची लोकर हाय. कुनाच्या तरी अंगावर राहूंदे."

अशी मी विमानात बसले. त्या देशाचं नाव मला उच्चारता येत नाही. एवढंच आठवतं की तिथे दगडी घरं होती आणि चुलीत ओलं लाकूड जळायचं. जयवंताबाई एका आजीच्या घरी राहिल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला आजीच्या हातात ठेवलं. आजीने माझ्यावरून हात फिरवला, हसली आणि मान हलवली. मला वाटलं, झालं, आता हे आपलं घर.

पण दिवस कलला, जयवंताबाई थंडीने कुडकुडू लागल्या, तशी आजी उठली आणि मला त्यांच्या अंगावर घातलं. सकाळी बाईंनी मला पुन्हा आजीकडे दिलं. संध्याकाळी मी पुन्हा बाईंच्या अंगावर. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. बाईंचा चेहरा रोज उतरलेला दिसे. एकदा त्या सोबतच्या दीपकला म्हणाल्याही, "आजींना ती टोचत असंल. आवडलेली दिसत न्हाय." मी हिरमुसले. एवढ्या लांब येऊन नापसंत व्हायचं म्हणजे काय!

निघायच्या दिवशी बाईंनी मला आजीच्या खाटेवर ठेवलं आणि निरोप घ्यायला बाहेर गेल्या. तेवढ्यात आजीने माझी नीट घडी केली आणि त्यांच्या बॅगेत तळाशी घातली.

इंदापूरला घरी येऊन बाईंनी बॅग उघडली, तर तळाशी मी! तेवढ्यात दारातून सारजाबाईंची हाक आली. बाई परत आल्याचं कळताच त्या मिळेल त्या एस.टी.ने धावत आल्या होत्या. जयवंताबाईंनी मला उचललं, कॉटखालच्या ट्रंकेत कोंबलं आणि झाकण लावलं.

"दिलीस न्हवं गं?"

"व्हय मावशी. एका आजीला."

"आवडली?"

"लई."

आणि त्या क्षणापासून, मित्रांनो, मी परदेशातच राहिले.

सारजाबाईंनी सगळ्या डाळजला सांगितलं की आमची लोकर इमानात बसून गेली. दर बाजाराला त्या इंदापुरात आल्या की भाजीची पिशवी टेकवून आजीची चौकशी करत. बिचाऱ्या जयवंताबाई काहीतरी सांगत. आजी म्हणे दारात उन्हाला बसते, घोंगडी पांघरून. शेजारणी म्हणे बघायला येतात. मी अंधारात पडून माझीच कौतुकं ऐकत असे. हळूहळू मला त्या दुसऱ्या घोंगडीचा हेवा वाटू लागला. ती केवढी सुखी! आणि मी कोण मग?

बाईंचंही काही खरं नव्हतं. शरीराने त्या परतल्या होत्या, पण दूधवाल्याला तिकडच्या भाषेत धन्यवाद म्हणायच्या. बाजारात जाऊन काय आणायचं ते विसरून रिकाम्या हाताने परत यायच्या. चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे तिकडचे अनुभव सांगायला, उभ्या राहिल्या, तर दोन वाक्यं बोलून खाली बसल्या. "किती लोकांची सेवा केलीस?" असं जो तो विचारी, आणि त्या नुसत्या हसत. त्यांची आई कुशाबाई एकदा वैतागून म्हणाली, "ही पोरगी आलीया का तितंच हाय, मला काय उमगंना!"

मला तरी कुठे उमगत होतं? ट्रंकेत दमट झालं होतं. ऊन नाही, झटकणं नाही, लिंबाचा पाला नाही. मला कसर लागली. अंगाला बारीक बारीक भोकं पडत होती, आणि बाहेर माझ्या सुखाच्या गोष्टी चालल्या होत्या.

दिवाळीनंतर थंडी पडली आणि एका सकाळी सारजाबाई आल्या. त्यांच्या हातात दुसरी घोंगडी होती.

"ही बी धाड. चर्चची मानसं फुडं जातील तवा घिऊन जातील. तितं आनखी म्हाताऱ्या असतीलच की."

"ही तर आबांची हाय!" जयवंताबाई म्हणाल्या.

"आबाच म्हनलं, 'धाड. सारजे, मी काय आता मेंढरामागं हाय व्हय?'"

"आन् आबा काय पांघरत्यात?"

"हाय की, पोतं हाय."

जयवंताबाई गुडघ्यावर बसल्या, ट्रंक ओढली आणि मला बाहेर काढून सारजाबाईंच्या पुढ्यात ठेवलं. उजेडाने मी दिपून गेले. आता माझं काय होणार आणि बाईंचं काय होणार, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला. सारजाबाईंनी माझा काठ चाचपला. स्वतःचं सूत त्यांना ओळखायला वेळ लागला नाही. मग त्यांचं बोट एका भोकात अडकलं.

"अगं, कसर लागलीया! उन्हात न्हाय का घालायची?" त्या ओरडल्या. खोटं बोललीस, असं त्या म्हणाल्याच नाहीत. त्या फक्त माझ्यासाठी चिडल्या, आणि मला रडू आलं.

जयवंताबाईंनी रडत रडत सगळं सांगितलं. "तिला न्हाय आवडली, मावशी. रोज दिली, रोज तिनं माझ्याच अंगावर घातली. तुमाला वाईट वाटंल म्हनून खोटं बोलले."

सारजाबाईंनी मला नाकाजवळ नेलं. तिकडच्या ओल्या लाकडाचा धूर अजून माझ्यात होता. मग म्हणाल्या, "रोज तुझ्या अंगावर घालायची?"

"व्हय."

"आन् तवा तिच्या अंगावर काय असायचं?"

जयवंताबाईंना आठवेना. त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

आबांची घोंगडी त्याच दुपारी डाळजला परत गेली. मी इंदापुरातच राहिले, आता दोरीवर, उन्हात. माझी भोकं सारजाबाईंनी रफू करून दिली. त्या प्रश्नाचं उत्तर मात्र मलाही देता आलेलं नाही, कारण ती आजी चुलीकडे परत जायची तेव्हा माझं तोंड नेहमी बाईंकडे असायचं.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागते. लोकरीच्या कपड्यांना ऊन दाखवा. आणि तुम्ही थंडीने काकडत असताना कुणी तुमच्या अंगावर काही घातलं, तर ऊब लागून डोळे मिटण्याआधी मान वळवून त्याच्याकडे एकदा बघा.