चुन्याचा ठिपका

माघ उतरणीला लागला होता आणि घाटमाथ्यावरून ऊन उतरत होतं. पिवळंधमक, मंदपावली, पिकलेलं ऊन. करवंदीच्या जाळीवर ऊन, गवताच्या गंजीवर ऊन, कुडाच्या खुराड्यावर ऊन. त्या सुवर्णवेळी सारी वाडी निवांत होती. फक्त द्रौपदा शेलार खुराड्याच्या दारात उकिडवी बसली होती.

पुढ्यात टोपलं. टोपल्यात पिसं फुलवून बसलेली खुडूक कोंबडी. तिच्या पोटाखाली अंडी, श्यामतांबूस, स्निग्धकांती, चिंचोक्यासारखी गडद अंडी. परमुलखातून आलेल्या मरान जातीची ही कुळी, आणि तिचा हा रंग द्रौपदानं कित्येक हिवाळे निगुतीनं राखलेला. सर्वांत गडद अंडं उबवणीला, फिकं अंडं कालवणाला, असा तिचा करडा न्याय. फिक्या अंड्याची तिला कीव यायची, पण कालवण ती चवीनं खायची.

या रंगाचा धनी होता तिचा ताम्रकंठ, रक्ततुरा, गर्वोन्नत कोंबडा. पौषात त्याला रानमांजरानं नेलं. अंगणात उरली मूठभर तांबूस पिसं. दुसरा कोंबडा गावठी, त्याच्या लेकी फिकी अंडी घालणार. ताम्रकंठाचं शेवटचं बीज होतं ते याच टोपल्यात. इथून पिल्लू निघालं नाही, तर रंग संपला.

आणि त्यातच घोळ झाला होता. अंडी उबवणीला ठेवताना शिवरामनं, तिच्या नवऱ्यानं, प्रत्येकावर कोळशानं खूण केली होती. नव्यानं घातलेलं अंडं ओळखू यावं, म्हणून वाडीत सगळेच करतात तशी. पण काळ्या अंड्यावर काळा कोळसा! द्रौपदा माहेरी गेली, आणि कुळीतल्या इतर कोंबड्यांनी याच टोपल्यात खुशाल तशीच गडद अंडी घातली. त्या ताज्या अंड्यांत ताम्रकंठाचं काही नव्हतं. पण ढीग वाढला, पंखाखाली मावेना. रोज कुठलं तरी अंडं कडेला सरकायचं आणि गार पडायचं. कुठलं, ते कुणालाच कळत नव्हतं.

"आवो, ह्याच्यावर कोळसा दिसल का? डोळं कुठं गहाण ठिवलं हुतं?"

"आई जल्मभर तसंच करायची. माझा हात आपसूक तिकडं गेला."

"आईची अंडी पांढरी हुती."

 शिवरामला स्वतःचाच राग आला होता, आणि तो लपवता येत नव्हता.

द्रौपदानं एक अंडं उचलून मावळत्या सूर्यापुढे धरलं. गावठी अंडं असतं तर आतली रक्तरेखा उजळली असती. इथं ऊन कवचाशी येऊन थांबलं. काळोखबंद, मौनबंद, पाषाणबंद अंडं. तिनं ते परत ठेवलं आणि चुलीवरचं कोमट पाणी पातेल्यात ओतलं.

ताजं अंडं तळाला जातं. उबवलेलं तरंगतं. आणि आत जीव असेल तर तरंगता तरंगता ते हलतं. एवढीच परीक्षा होती, आणि दुसरी नव्हती.

पहिलं अंडं बुडालं. दुसरं बुडालं. नंतरचं तरंगलं, आणि द्रौपदाचं काळीज वर आलं. पण अंडं निश्चल. जलावर निश्चल, उन्हात निश्चल, तिच्या डोळ्यांसमोर निश्चल. तिनं ते पुसून बाजूला ठेवलं. असंच आणखी एक, आणखी एक. गार पडून गेलेली, पुरती वाढून मेलेली पिल्लं. तिला रडू येत होतं, पण पाणी निवण्याआधी काम उरकायचं होतं.

"हलू नका. पाणी हलतंय."

"मी कुठं हललो?"

"श्वास घेताय न्हवं!"

शिवरामनं श्वास रोखला. टोपल्यात आता एकच अंडं उरलं होतं. द्रौपदानं ते दोन्ही तळव्यांत घेतलं, पाण्यात सोडलं. ते तरंगलं. तरंग उठले, वर्तुळं झाली, वर्तुळं कडेला जाऊन विरली. पाणी आरशासारखं झालं. अंडं स्थिर होतं.

कोंबडी रिकाम्या टोपल्यात चोच आपटत होती. ऊन पातेल्याच्या काठावरून सरकत होतं. द्रौपदानं हात पुढे केला, मागे घेतला. अजून थोडं, अजून थोडंच, असं ती स्वतःला म्हणाली.

आणि अंडं कललं. अगदी किंचित. मग पुन्हा, दुसऱ्या अंगाला. नितळ पाण्यावर त्याच्याभोवती एक बारीक, थरथरतं वर्तुळ उमटलं.

"हाय!" द्रौपदा म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आवरलं नाही.

नर असो की मादी, रंग राहणार होता. तिनं अंडं पदरावर अलगद टेकवून टिपलं. शिवराम पुढे आला. त्यानं चंची सोडली, डबीतला चुना बोटावर घेतला, आणि त्या गडद कवचावर एक ठिपका दिला.  द्रौपदानं अंडं टोपल्यात ठेवलं आणि कोंबडी त्यावर बसली.

करवंदीवरचं ऊन गेलं, गंजीवरचं ऊन गेलं, खुराड्यावरचं ऊन गेलं. पंखांच्या फटीत तेवढा तो ठिपका दिसत होता. पांढरा, एकुलता, आणि हळूच हलणारा.