वाढत्या अंगाचा

मी एका छापखान्याच्या मागच्या बोळात राहतो. डिझेलवर चालणारा जनरेटर. आज बोलायला बसलोय तेही जरा भीतभीतच, कारण माझ्या जातीनं तोंड उघडलं की आधी धूर बाहेर पडतो आणि मग आवाज.

जन्म कारखान्यातला. रंग देण्याआधी मला एका खोलीत जखडून पूर्ण लोडवर पळवलं होतं. अंगातून वाफा निघत होत्या, पण पाइपातून येणारा धूर नजरेला दिसत नव्हता, नुसती गरम हवा थरथरत होती. तपासणारा म्हणाला, "हा असा राबत राहिला ना, तर कुणाच्या डोळ्यांतून पाणी काढणार नाही." मला वाटलं, झालं, आपलं आयुष्य असंच जाणार. पण मालक कसा मिळेल हे आपल्या हातात थोडंच असतं?

मला घ्यायला आले ते छापखान्याचे मालक. सगळे त्यांना दादा म्हणतात. लाख माणूस. शाळा अर्धवट सुटलेली, पण कागदाचा गठ्ठा नुसता उचलून वजन सांगतील. दुकानदारानं विचारलं, "चालवायचं काय काय आहे?" दादांनी सांगितलं. त्यानं कोपऱ्यातला एक बेताचा जनरेटर दाखवला. दादा त्याच्याकडे बघून हसले.

"हा? अहो, उद्या धंदा वाढेल, मशीनं वाढतील. जरा वाढत्या अंगाचा द्या."

ही दादांची जुनी खोड. मुलांचे शर्टसुद्धा ते वाढत्या अंगाचे आणत. धाकट्याच्या चपला अशा, की पोरगा पुढे पोचायचा आणि चपला मागून यायच्या. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, कपाळावर हात मारून म्हणत, "अहो, पोरं वाढेपर्यंत कपडा विटतो हो!" दादा म्हणत, "लहान पडल्यापेक्षा मोठा बरा." तोच न्याय मला लागला, आणि मी या बोळात आलो.

धंदा काही वाढला नाही. हँडबिलं कमी झाली, लोक निमंत्रणं फोनवरूनच धाडू लागले. मी मात्र होतो तेवढाच अगडबंब. दादांना माझं कोण कौतुक! त्यांनी माझं नाव ठेवलं पैलवान. लाइट गेली की आतून त्यांची हाक यायची, "मोठं मशीन बंद करा रे! पैलवानाला दमवायचं नाही!" मग माझ्या एवढ्या धुडावर दोन दिवे, एक पंखा आणि वर दादांच्या घरातलं आक्कांचं श्वासाचं यंत्र.

या लाडांनीच माझा घात केला. मला नीट तापायला काम लागतं. काम नसलं की पोट गार राहतं, डिझेल अर्धंकच्चं जळतं आणि उरलेलं काजळी होऊन पाइपातून बाहेर पडतं. तेवढ्यावर भागलं असतं तरी मी मुकाट राहिलो असतो. पण माझा पाइप भिंतीवरून वर जातो, आणि त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर आक्कांची खिडकी आहे.

आक्का म्हणजे दादांची थोरली बहीण. जन्मभर याच छापखान्यात बाइंडिंग केलं, कागदाची धूळ खाल्ली, आणि आता फुप्फुसं थकलीत. हवेतून ऑक्सिजन काढून देणारं एक यंत्र त्यांच्या खाटेशेजारी दिवसरात्र चालू असतं, त्याची नळी नाकाला. जीभ मात्र ठणठणीत. ते यंत्र विजेवर चालतं, आणि वीज गेली की माझ्यावर.

आलं ना लक्षात माझं दुखणं? श्वास पुरवायचा मीच आणि त्या श्वासात काजळी कालवायची तीही मीच. मी सुरू झालो की वरून यंत्राची घरघर ऐकू यायची आणि मला हायसं वाटायचं. तेवढ्यात खोकला सुरू. असा खोकला, की माझ्या पत्र्याला कापरं भरावं. बंद पडावं तर यंत्र थांबणार. चालत राहावं तर हा खोकला. लाइट गेली की माझा जीव अगदी टांगणीला लागायचा.

दादांनी पाइप उंच करून पाहिला. पण दोन इमारतींमधला अरुंद बोळ, वारा धूर पुन्हा खालीच दाबायचा. खिडकी लावली तर आक्का म्हणत, "मला काय लोणचं म्हणून बरणीत भरताय?"

एक दिवस वहिनींनी त्या यंत्राचा हवा गाळणारा स्पंज धुवायला काढला. पिळला तर बादलीत काळंभोर पाणी.

"अहो, इकडे या. बघा, आक्का काय ओढून घेतायत छातीत."

आक्का खाटेवरून म्हणाल्या, "बादली खाली छापखान्यात ने. शाई म्हणून चालेल."

दादांनी बादली मोरीत ओतली आणि भंगारवाल्याला फोन लावला. दुसऱ्या दिवशी तो आला. त्यानं माझ्या पाठीवर थापा मारल्या, टाकीत डोकावला, "लोखंड चांगलंय" म्हणाला. तुमच्याबद्दल असं कुणी म्हटलं तर काय वाटेल? पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. मी गेल्यावर लाइट गेली, तर आक्कांचं काय?

नेमकं हेच वहिनींनी विचारलं, आणि दादांनी भंगारवाल्याला परत पाठवलं.

मग वहिनींनी शोधून एक फिल्टरवाला आणला. मोठा बोलका माणूस. त्यानं माझ्या पाइपात एक डबा बसवला, आत जाळी. काजळी तिथं अडकणार आणि माझ्याच उष्णतेनं जळून जाणार. तो समजावत होता, "दादा, एक लक्षात ठेवा, याला भरपूर लोड द्या. तापला नाही, तर जाळी तुंबेल. पिवळा दिवा लागला तर..." नेमका तेव्हाच दादांना गिऱ्हाइकाचा फोन आला. दादा एका कानानं फोन ऐकत आणि दुसऱ्या कानानं त्याला "हो, हो" म्हणत होते.

पहिले काही दिवस काय सुखाचे गेले म्हणून सांगू! वरून यंत्राची घरघर येत होती आणि खोकला नव्हता. आक्का खिडकीतून वाकून म्हणाल्या, "काय रे पैलवाना, मेलास की काय? वास कसा नाही आला?"

पण दादांचे लाड चालूच. उलट वाढले. आता तर नवा दागिना घातलेला पैलवान! जाळी भरत गेली. माझ्या गळ्याशी काहीतरी दाटू लागलं. आणि एके दिवशी डब्यावरचा पिवळा दिवा लागला. दादांनी तो पाहिला आणि वहिनींना हाक मारली, "बघा, कसा छान दिवा लागलाय! म्हणजे फिल्टर काम करतोय."

मला ओरडावंसं वाटलं. पण माझं ओरडणं सगळ्यांना सारखंच ऐकू येतं.

मग ती दुपार आली. ऊन असं, की मी बंद असतानाही माझा पत्रा चटका देत होता. रस्त्यावरचा ट्रान्स्फॉर्मर जळला होता, लाइट लवकर येण्याची आशा नव्हती. आक्कांचा ऑक्सिजनचा राखीव सिलिंडर नेमका भरायला गेलेला. मी चालत होतो, पण आतल्या आत घुसमटत होतो. धूर पुढे जाईना. माझा आवाज खाली गेला, वर आला, पुन्हा खाली गेला. वर यंत्र टीं टीं करायला लागलं.

दादा धावत बोळात आले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. "दमलाय तो! पंखा बंद करा! दिवे बंद करा!"

दिवे गेले, पंखा गेला, आणि मी आणखी गार पडलो. गळा आणखी आवळला.

वहिनींनी फिल्टरवाल्याला फोन लावला आणि फोन दादांच्या पुढ्यात धरला.

"दिवा कुठला लागलाय?" तो ओरडला.

"पिवळा."

"नक्की? लाल नाही?"

"पिवळाच आहे हो!"

"मग अजून हातात आहे. लोड किती दिलाय?"

"आक्कांचं यंत्र फक्त. बाकी सगळं बंद केलं, दमला होता म्हणून."

"अहो दादा, तो दमलेला नाही, गारठलाय! एकेक करून लोड वाढवा. एकदम नको. गीझर लावा, मग इस्त्री, मग मोठं मशीन. तापू दे त्याला."

गीझरचं बटण बोळातल्याच बोर्डावर होतं, दादांचा हात तिथं जाऊन थांबला. मला त्यांची भीती कळत होती. धापा टाकणाऱ्याच्या पाठीवर पोतं द्यायचं? तो कोसळला तर वर बहिणीचा श्वास कोसळेल. "आणि बंद पडला तर?" ते पुटपुटले.

वरून आक्कांचा आवाज आला, एकेक शब्द सुटा. "अरे... तो... बंदच पडतोय. दे... काम."

दादांनी बटण दाबलं.

मी हादरलो. खरंच वाटलं, संपलो. इस्त्री लागली. मग वहिनींनी आत मोठं मशीन सुरू केलं, नुसतंच, कागदाशिवाय. पोटात आग पेटली, पाइप तापला, जाळीतली काजळी धुमसायला लागली. बराच वेळ काहीच होईना. यंत्राची टीं टीं चालूच. मग गळ्यातली गाठ जरा सैल झाली. आणखी जरा. माझा आवाज एका सुरात लागला आणि वर यंत्राची टीं टीं थांबली.

दादा माझ्याशेजारी मटकन खाली बसले. "मी तुला जपत होतो रे," एवढंच म्हणाले. वहिनींनी गीझर चालूच ठेवला. घरभर गरम पाणी झालं, भर उन्हात.

त्यानंतर गच्चीवर सौर पाट्या आल्या, त्यांच्या बॅटऱ्या आल्या. थोडा वेळ लाइट गेली तर आक्कांचं यंत्र बॅटऱ्याच सांभाळतात, मला कुणी हाक मारत नाही. हेच योग्य आहे. मी जितका कमी चालेन तितकं आक्कांना बरं. मला उठवलंच, तर दादा आता स्वतः मोठं मशीन लावतात. आक्का अजून आहेत. खोकतात, पण कमी.

भीती मात्र गेली नाही. जाळी आत कशी आहे हे मला दिसत नाही, नुसतं जाणवतं. तुमच्या दाराशी माझा कुणी भाऊबंद असेल, तर एवढंच करा: त्याला उगाच उठवू नका, आणि उठवलंत तर पोटभर काम द्या. त्याच्या पाइपाचं तोंड कुणाच्या नाकाशी उघडतं, ते एकदा वर मान करून बघा.

आज सकाळपासून लाइट नाही. वरच्या बॅटऱ्या उतरत आल्या असाव्यात, जिन्यावर दादांची पावलं वाजतायत. तुम्ही जरा बाजूला सरका. मला अजून माझ्या श्वासाचा भरवसा नाही.